डावीकडचं खोकं

त्या घरात डोळे बनायचे. खरं तर ॲक्रिलिकचे, पण लोक काचेचेच म्हणायचे आणि घरातल्यांनीही त्यांची चूक दुरुस्त करायचं सोडून दिलं होतं. अपघातात, आजारात किंवा जन्मतःच ज्याचा एक डोळा गेला, त्याच्या दुसऱ्या डोळ्याशी जुळेल असा डोळा थोरला भाऊ हाताने रंगवायचा. बुबुळासाठी तो मोजून तीन केसांचा ब्रश वापरायचा आणि पांढऱ्या भागावर शिरा म्हणून लाल रेशमाचे तंतू चिकटवायचा. धाकटा भाऊ डॉक्टरांकडे फिरून कामं आणायचा आणि महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी असायचा. राहिलेलं सगळं, म्हणजे डोळा डबीत ठेवल्यापासून तो परदेशातल्या दवाखान्यात पोचेपर्यंतचं, दोन जावांच्या हातात होतं. आणि त्या दोघी सात महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या.

आधी कागद आणि खोकी दोन्ही थोरलीच करायची. अठरा वर्षं केलं तिने. इन्व्हॉइसच्या तीन प्रती, त्यावर मालाचं वर्णन, किंमत, वजन, कस्टम्सचा कोड आणि खाली सही, सगळं हाताने, ठसठशीत अक्षरात. मग कुरियर कंपनीने सगळा कारभार कॉम्प्युटरवर नेला आणि ते काम घरात नव्याने आलेल्या धाकटीकडे गेलं. थोरलीला ते थोडं लागलं, पण तिने गिळलं. बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. फार पूर्वी एकदा थोरलीने इन्व्हॉइसवर वर्णनाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मानवी डोळा, तपकिरी, एक नग.’ पलीकडच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याने खोकं अडवलं आणि डोळा ज्याचा होता त्याच्या मृत्यूचा दाखला मागवला. धाकटीला ती जुनी फाईल सापडली. घरी जेवायला आलेल्या दोन डॉक्टरांसमोर तिने तो किस्सा रंगवून सांगितला, अगदी अधिकाऱ्याच्या आवाजासकट. डॉक्टर पोट धरून हसले. थोरलीचा नवराही हसला. थोरली रिकामी ताटं उचलून आत गेली आणि त्या दिवसापासून धाकटीपुरतं तिने तोंडाला कुलूप घातलं.

धाकटीने आधी दोनतीनदा विषय काढून पाहिला. मग तीही हट्टाला पेटली. काम मात्र अडून चालणार नव्हतं, म्हणून चिठ्ठ्या सुरू झाल्या. थोरली खोकी बांधून लांब टेबलावर ठेवायची, शेजारी चिठ्ठी. धाकटी पलीकडून यायची, चिठ्ठी वाचायची, छापलेली लेबलं चिकटवायची, वर पारदर्शक पाकिटात कागद सरकवायची. घरात दोघी एकमेकींना वळसा घालून अशा वावरायच्या, की थोरलीचा नवरा एकदा म्हणाला, “तुमच्या दोघींच्या मधून चालायचं म्हणजे चोरपावलांनीच चालावं लागतं.” त्यावरही कुणी हसलं नाही.

त्या दिवशी दोन खोकी जायची होती. क्रमांक तीनशे सतरा आणि तीनशे अठरा. सतरा नंबर एका सात वर्षांच्या मुलीचा होता. डावा डोळा, हिरवट राखी. तिच्या गावच्या दवाखान्यात डोळा बसवून देणारा तंत्रज्ञ तीन महिन्यांतून एकदाच यायचा आणि तो येत्या गुरुवारी येणार होता. अठरा नंबर एका निवृत्त बस ड्रायव्हरचा. उजवा डोळा, गडद तपकिरी. दोन वेगळे देश, दोन वेगळी विमानं, आणि खोकी मात्र एकाच मापाची.

कुरियरची गाडी आली तेव्हा तीन वाजत होते. ड्रायव्हर नेहमीचाच होता. त्याने हातातल्या यंत्राने लेबलं टिपली, धाकटीची सही घेतली आणि एकेक खोकं काखोटीला मारलं. थोरली आतल्या खोलीच्या दारात उभी होती. ड्रायव्हरने दुसरं खोकं उचलताना ते जरा कललं आणि त्याचा तळ तिला दिसला. तळाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक ‘३१७’ लिहिलेलं होतं. ही तिची अठरा वर्षांची सवय. आणि वरच्या लेबलावर बस ड्रायव्हरच्या देशाचं नाव होतं.

एका क्षणात तिच्या लक्षात आलं. लेबलं उलटी लागली होती.

ड्रायव्हरने विचारलं, “दोनच ना ताई आज?”

“दोनच,” धाकटी म्हणाली.

थोरलीच्या घशापर्यंत शब्द आला होता. ‘थांब’ एवढंच म्हणायचं होतं. पण सात महिन्यांचं कुलूप होतं, आणि त्याच्या मागून दुसरंच काहीतरी डोकं वर काढत होतं. जाऊ दे, असं ते म्हणत होतं. हिलाही एकदा कळू दे. हिच्या कागदांनाही एकदा कुणीतरी हसू दे. गाडीचं दार सरकून बंद झालं. गाडी कोपऱ्यावर वळली. धाकटी आपल्या कॉम्प्युटरकडे गेली आणि थोरली तशीच दारात उभी राहिली.

मग तिने टेबल पुसलं. कात्री जागेवर ठेवली. स्पंजचे कापलेले तुकडे गोळा केले. टेप संपत आली होती, म्हणून नवीन गुंडाळी काढून ठेवली. नवऱ्याच्या कामाच्या जागी भिंतीवर फोटो लावलेले असायचे, रंग जुळवण्यासाठी. तिने तिकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तरी बघितलं. मुलीचा फोटो मधोमध होता. पोरगी तो डोळा केसांखाली झाकायची, असं तिच्या आईने पत्रात लिहिलं होतं. फोटोसाठी केस बाजूला धरलेली आईची दोन बोटं कडेला दिसत होती.

गुरुवारी तिकडे खोकं उघडलं जाईल. आत म्हाताऱ्या माणसाचा तपकिरी डोळा निघेल. तंत्रज्ञ परत जाईल. पुढची फेरी तीन महिन्यांनी.

घड्याळात साडेतीन झाले होते. थोरली धाकटीच्या खोलीत गेली. या खोलीत ती सात महिन्यांत आली नव्हती.

“खोकी उलटी गेलीत,” ती म्हणाली.

धाकटीने मान वर केली. आवाज कुठून आला हेच तिला आधी कळलं नाही. “काय?”

“सतराच्या खोक्यावर अठराचं लेबल आहे. आणि अठराच्यावर सतराचं.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“खाली पेन्सिलीने नंबर लिहिते मी. तळाला.”

“मला कधी सांगितलं नाहीत ते.”

“तू कधी विचारलं नाहीस.”

एरवी इथे भांडण लागलं असतं. पण धाकटीचा हात आधीच फोनकडे गेला होता. नंबर कधी दिसला, हे तिने विचारलं नाही आणि थोरलीने सांगितलं नाही.

कुरियरच्या कार्यालयात फोन लागला, पण माणूस काही बोलेना. एक गोड आवाज सांगत राहिला की तुमचा वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि वीस मिनिटं खाऊन गेला. ड्रायव्हरचा फोन वाजून वाजून बंद होत होता. गाडी चालवताना तो उचलत नाही हे दोघींना माहीत होतं. शेवटी धाकटीने फोन ठेवला, किल्ली घेतली आणि कपाटातून ओळखपत्र काढलं.

थोरलीचा नवरा पॉलिशचं यंत्र बंद करून बाहेर आला. त्याला दोन वाक्यांत सगळं कळलं. “मी येतो,” तो म्हणाला.

“तुम्ही येऊन काय करणार भाऊजी?” धाकटी म्हणाली. “कागदावर सही माझी आहे. आत काय कसं ठेवलंय ते ताईंना माहीत. आम्हीच जायला हवं.”

थोरली स्कूटरवर तिच्या मागे बसली. धरायचं कुठे, हा प्रश्न होता. ती आधी सीटची कड धरून बसली. पहिल्याच वळणावर तिने धाकटीचा खांदा पकडला आणि मग सोडला नाही. रस्त्यात पाण्याचा पाइप टाकायला खणून ठेवलं होतं. एकच बाजू चालू होती, आणि समोरून येणारी रांग संपता संपत नव्हती. धाकटी मनगटावरचं घड्याळ बघायची आणि मान परत समोर करायची.

विमानतळाच्या मागच्या अंगाला कुरियरची भलीमोठी शेड होती. आत पट्ट्यावरून खोकी सरकत होती आणि चकचकीत पट्ट्यांची जाकिटं घातलेली माणसं ती उचलून जाळीच्या पिंजऱ्यांत टाकत होती. काउंटरवर एक पन्नाशीची बाई होती, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा, तिथली सुपरवायझर. भिंतीवरच्या घड्याळात पाचला वीस कमी होते.

धाकटीने एका दमात सांगितलं. सुपरवायझरने दोन्ही क्रमांक कॉम्प्युटरवर बघितले.

“एक पाचला बंद होणाऱ्या बॅगेत आहे. दुसरं सव्वापाचच्या. बॅगेला सील लागलं की माझाही हात पोचत नाही.”

“अजून वीस मिनिटं आहेत.”

“तेवढ्यासाठीच बोलतेय मी तुमच्याशी.” तिने वॉकीटॉकी तोंडाशी धरून दोन्ही खोकी बाजूला काढायला सांगितली. मग ड्रॉवरमधून एक छापील फॉर्म काढला. “आता नीट ऐका. कागदावर एक आणि आत दुसरं, याला आम्ही चुकीचं घोषणापत्र म्हणतो. ती चूक आहे की लबाडी, हे मला ठरवून लिहावं लागतं. लबाडी वाटली तर खोकी इथेच राहतील आणि तुमचं खातंही बंद होईल. आत काय आहे?”

“डोळे,” थोरली म्हणाली.

सुपरवायझरने चष्मा लावला आणि तिच्याकडे बघितलं.

“कृत्रिम,” धाकटी घाईने म्हणाली. “ॲक्रिलिकचे. इन्व्हॉइसवर आहे तसं.”

खोकी यायला नऊ मिनिटं लागली. मोजली नसती तर बरं झालं असतं, पण समोर घड्याळच होतं. सुपरवायझरने बस ड्रायव्हरचं लेबल असलेलं खोकं कॅमेऱ्याखाली ठेवलं आणि उघडण्याआधी थोरलीला म्हणाली, “तुमच्या म्हणण्यानुसार यात काय असायला हवं ते सांगा. बारीकसारीक सगळं.”

हे थोरलीला झोपेतही सांगता आलं असतं. “वर स्पंजचा थर, त्याचा एक कोपरा तिरका कापलेला. खाली पांढरी डबी, झाकणाला टेपचा एकच पट्टा. डबीत डावा डोळा. हिरवट राखी. बुबुळात खालच्या बाजूला, घड्याळात सहा असतात तिथे, एक तपकिरी ठिपका आहे. मुलीच्या खऱ्या डोळ्यात तसाच आहे, म्हणून. डबीखाली डोळ्याच्या खोबणीचा प्लॅस्टरचा साचा, पातळ कागदात दोन वेढे घालून.”

टेप कापली गेली. तिरका कोपरा निघाला. डबी निघाली. डबीतला डोळा वर छताकडे बघत होता आणि खालच्या बाजूला तो तपकिरी ठिपका होता. प्लॅस्टरचा साचा कागदात होता, दोन वेढे. धाकटी वाकून बघत राहिली. इतके दिवस तिने फक्त बंद खोकी बघितली होती.

“आतलं बरोबर आहे,” सुपरवायझर म्हणाली. “मग लेबल उलटं कसं लागलं?”

धाकटीने पर्समधून चिठ्ठी काढून काउंटरवर ठेवली. ही तिची बाजू होती, आणि ती तिने जपून आणली होती. “मला हे लिहून दिलं होतं. मी तसंच केलं.”

सुपरवायझरने मोठ्याने वाचलं. “डावीकडचं सतरा, उजवीकडचं अठरा.” मग तिने चष्म्यावरून दोघींकडे बघितलं. “कुणाच्या डावीकडचं?”

एरवी थोरली चिठ्ठीत ‘दाराकडचं’ किंवा ‘खिडकीकडचं’ असं लिहायची. आज घाईत डावं-उजवं लिहिलं होतं, टेबलाच्या आपल्या बाजूला उभं राहून. धाकटी पलीकडून आली होती, आणि तिचं डावं ते थोरलीचं उजवं होतं. म्हणजे धाकटीने चिठ्ठीप्रमाणेच केलं होतं. तोंडावर पडायची होती ती धाकटी नव्हतीच.

थोरलीने चिठ्ठी उचलून पुन्हा वाचली.

“तुम्ही एकमेकींना तोंडाने सांगत नाही का?” सुपरवायझरने विचारलं. मग तिने फॉर्म पुढे ढकलला. “भरा. कारण लिहा. आणि खाली हा रकाना, चूक लक्षात आल्याची वेळ. आमच्या माणसाची गाडी तुमच्याकडून तीन वाजून चार मिनिटांनी निघालीय. त्याच्या आधी लक्षात आलं की नंतर?”

“नंतर,” धाकटी लिहिता लिहिता म्हणाली. “साडेतीनला.”

घड्याळात पाचला सात कमी होते. थोरलीने पेनाकडे बघितलं. ‘नंतर’ लिहून झालं असतं तर कुणाला काही कळणार नव्हतं. तिच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

“आधी,” ती म्हणाली.

धाकटीचं पेन थांबलं.

“त्याने खोकं उचललं तेव्हा मला तळ दिसला. मी दारातच होते. मी बोलले नाही.”

“आमच्या माणसाला सांगितलंत?” सुपरवायझरने विचारलं. “सांगूनही त्याने नेलं असेल तर त्याची जबाबदारी येते, म्हणून विचारतेय.”

“नाही. त्याला काही माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. अर्धा तास मी गप्प बसले.”

“का?”

या प्रश्नाला फॉर्मवर रकाना नव्हता. धाकटी थोरलीकडे बघत नव्हती. तिने खाली मान घालून ‘नंतर’ खोडलं, वर ‘आधी’ लिहिलं, वेळ तीन वाजून तीन मिनिटं टाकली आणि शेजारी खाडाखोडीची सही केली. मग फॉर्म थोरलीपुढे सरकवला. थोरलीने सही केली. अक्षर ठसठशीत आलं नाही.

सुपरवायझरने सगळं वाचून शिक्का मारला. “चूक म्हणून घेते. तुमच्या खात्यावर एक नोंद पडेल. पाचची बॅग गेली समजा, मुलीची सव्वापाचची, ती मिळतेय का बघा. त्या टेबलावर टेप आहे.”

पंधरा मिनिटं होती, पण दुसरं खोकंही उघडून तपासावं लागलं आणि त्यात सहा गेली. धाकटीने तिथल्या कॉम्प्युटरवर मुलीच्या खोक्याचं नवं लेबल काढलं. थोरली स्पंज परत बसवत होती, साच्याचा कागद पुन्हा गुंडाळत होती. पहिला टेपचा पट्टा वाकडा गेला. तिने तो उचकटून काढला.

“वजन?” धाकटीने विचारलं.

“सहाशे चाळीस.”

“साच्यासकट?”

“साच्यासकट. तराजूवर ठेव हवं तर.”

“ठेवलंय. सहाशे बेचाळीस.”

“टेप जास्त लागली.”

त्यांचं एवढंच बोलणं झालं, पण कामाचं होतं. धाकटीने लेबल चिकटवलं, पाकिटात इन्व्हॉइसच्या तीन प्रती सरकवल्या, आणि चिकटवण्याआधी खोकं उलटं करून तळाचा नंबर स्वतः बघितला. सव्वापाचला दोन कमी असताना जाकीटवाल्या माणसाने खोकं बॅगेत टाकलं. सील लागल्याचा खटका दोघींनी ऐकला. बस ड्रायव्हरचं खोकं काउंटरवर राहिलं. ते उद्याच्या विमानाने जाणार होतं.

दोघी बाहेर स्कूटरपाशी आल्या. धाकटीने किल्ली लावली आणि तशीच थांबली.

“का पण?” ती म्हणाली.

“तू तोंडावर पडावीस असं वाटलं.” थोरलीने जे होतं ते सांगितलं. “त्या डॉक्टरांसमोर माझं जसं झालं, तसं.”

धाकटीने किल्ली पुन्हा बाहेर काढली. “त्या दिवशी मी तो किस्सा असा रंगवायला नको होता. ते माझं चुकलं, आणि तेव्हाच माफी मागायला हवी होती. पण ताई, आज तुम्ही जे केलंत ते माझ्यावर नाही केलंत. त्या पोरीवर केलंत.”

“हो,” थोरली म्हणाली.

परत येताना ती मागे बसली आणि या वेळी सीटची कडच धरून राहिली. रस्त्यावरची रांग आता उलट्या बाजूने होती. घरी आल्यावर धाकटी सरळ आपल्या खोलीत गेली आणि बस ड्रायव्हरच्या दवाखान्याला उशिराबद्दल पत्र लिहायला बसली.

शुक्रवारी दुपारी मुलीच्या दवाखान्याकडून मेल आला. डोळा बसला होता. पापणी किंचित जड पडतेय, पुढच्या फेरीला थोडं घासून द्यावं लागेल, असं लिहिलं होतं. धाकटीने तो दोघांना वाचून दाखवला, थोरलीच्या नवऱ्याच्या कामाच्या टेबलाशी उभं राहून. वाचून झाल्यावर म्हणाली, “बस ड्रायव्हरच्या मुलाचंही उत्तर आलंय. चार वर्षं थांबलो, एका दिवसाचं काय एवढं, म्हणतोय.”

त्याच मेलच्या मागोमाग कुरियर कंपनीने त्या फॉर्मची प्रत पाठवली होती. थोरलीच्या नवऱ्याने ती उघडली, चष्मा वर करून जवळून वाचली, आणि बोट एका ओळीवर ठेवलं.

“हे काय आहे? लक्षात आल्याची वेळ, ‘आधी’? आधी म्हणजे कसं? आधीच कळलं होतं तर मग गाडी गेली कशी?”

हे घरी आपणच सांगायचं असं थोरलीने त्याच दिवशी ठरवलं होतं आणि चार दिवस ते पुढे ढकललं होतं. तिने तोंड उघडलं.

“ते आमच्यात मिटलंय, भाऊजी,” धाकटी म्हणाली.

तिचा आवाज शांत होता आणि ती थोरलीकडे बघत नव्हती. नवऱ्याने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. मिटलेलं नव्हतं, आणि एवढ्यात मिटणारही नव्हतं, हे थोरलीला ठाऊक होतं. जेवताना अजूनही दोघी समोरासमोर बसत नव्हत्या. पण जावेने तिला पाठीशी घातलं होतं, आणि त्याच्याआड लपून राहायचं की नाही हे आता तिच्यावर होतं.

“मिटलंय म्हणते ती, तिचा मोठेपणा,” थोरली म्हणाली. ती नवऱ्यासमोरचं स्टूल ओढून बसली. “पण तुम्हाला कळायला हवं. ऐका.”

आणि तिने गाडी दारात आली तिथपासून सांगायला सुरुवात केली. धाकटी निघून जाईल असं तिला वाटलं होतं. ती गेली नाही. दाराला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिली, आणि एके ठिकाणी थोरलीने वेळ चुकीची सांगितली तेव्हा तिने ती दुरुस्तही केली.